सीताफळाच्या बिया

एमानं वाटीतला लगदा बोटांवर घेतला आणि जुलियाच्या भांगापासून सुरुवात केली. करड्या रंगाचा, तेलकट, उग्र वासाचा लगदा. केसांची एकेक बट वेगळी करून ती तो मुळाशी चोळत होती, आणि ओट्याच्या खालच्या पायरीवर बसलेली जुलिया दर खेपेला खांदे आखडून घेत होती.

"माय, चरचरतं गो."

"चरचरू दे. त्यांनापण चरचरत असेल."

जुलिया हसली. तिच्या मांडीवरच्या सुपात तांदूळ होते, तिच्याच लग्नासाठी निवडायला घेतलेले. हसताना सूप कलंडलं आणि चार दाणे अंगणात सांडले. कोंबडी धावत आली.

"मान हलवू नको," एमा म्हणाली. "मांडवात डोकं खाजवत बसलीस तर माजिवड्याची माणसं काय म्हणतील? एमाची पोरगी, नि डोक्यात उवा?"

बोलण्यात थोडा ताठा होता, आणि ताठा असायला कारणही होतं. ठाण्याच्या तलावापलीकडच्या त्या ख्रिस्ती पाखाडीत ढेकूण, पिसवा, मुंग्या, कसर, कशाचाही जाच झाला की बायका एमाच्या ओट्यावर यायच्या. खाटेच्या सांध्यांत भरायला ती करंजाचं तेल द्यायची. डास वाढले की निर्गुडीचा नि कडुलिंबाचा वाळका पाला शेणीवर टाकून धुरी करायला सांगायची. लुगड्यांच्या पेटीत वेखंडाचे तुकडे, तांदळाच्या कणगीत लिंबाचा पाला, हे सगळं तिला सासूकडून मिळालं होतं आणि सासूमागे तिनं त्यात स्वतःची भर घातली होती. "आमच्या घरात मुंगीसुद्धा विचारून पाय टाकते," असं तिचा नवरा लिनो मिठागरावरच्या सोबत्यांना सांगायचा. पण खरं नाव होतं ते उवांच्या औषधाचं. सीताफळाच्या बिया उन्हात कडकडीत वाळवायच्या, फोडून आतला गर काढायचा, पाट्यावर बारीक वाटायचा आणि खोबरेलात कालवायचा. एकदा डोक्याला लागलं की उवा नि लिखा दोन्ही खलास. फणीला फक्त मेलेल्या यायच्या.

त्या हिवाळ्यात एमाच्या ओट्यावरची वर्दळ वाढली होती. मुंबईत गाठीचा ताप सुरू झाला होता आणि तो आगगाडीनं ठाण्याला येऊन पोचला होता. कशानं होतो ते कुणालाच धड माहीत नव्हतं. कुणी हवेला दोष द्यायचं, कुणी धान्याला, कुणी माणसांच्या पापाला. म्हणून जो तो आपलं घर सारवत होता, धुरी देत होता, पाणी उकळत होता. आणि तपासणीवाल्यांची वाट बघत होता. ते कधीही यायचे. घरात कुणी तापानं निजलेलं दिसलं, कुणाचे डोळे लाल दिसले, की त्या माणसाला डोलीत घालून गावाबाहेरच्या गवती झोपड्यांकडे न्यायचे, घरच्यांना वेगळीकडे ठेवायचे आणि ऊन आत शिरावं म्हणून घराची कौलं उतरवायचे. डोलीतून गेलेलं माणूस परत आलेलं पाखाडीत अजून कुणी पाहिलं नव्हतं.

तरीही लग्न ठरल्याप्रमाणे व्हायचं होतं. नवरा मुलगा व्हॅलेरियन, सगळ्यांचा वालू, माजिवड्याचा, कल्याणला रेल्वेच्या कामावर सुतार. शांत पोरगा. जुलियाला पहिल्यांदा बघायला आला तेव्हा बोलला काहीच नाही, फक्त जाताना ओट्याची हलणारी फळी ठोकून देऊन गेला. एकदा इस्टरआधीचे उपासाचे दिवस लागले की इगर्जीत लग्नं बंद, म्हणून त्याच्या आधीचाच दिवस धरला होता. एमानं नवं लुगडं पेटीत वेखंडावर ठेवलं होतं. नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला कोणकोण बायका जाणार तेही ठरलं होतं.

"झालं," तिच्या डोक्याला फडकं गुंडाळत एमा म्हणाली. "आता गप सावलीत बस. हात लावायचा नाय."

ती वाटी विसळायला उठली आणि तेवढ्यात शेजारची बिट्रिस कडेवरच्या तान्ह्यासकट कुंपणापाशी धावत आली.

"एमा, आले गो! टेंभी नाक्यावरनं इकडंच वळलेत. गोरा हाय संगतीला."

एमानं जुलियाकडे पाहिलं. भर दुपारी डोक्याला लगदा थापून, फडकं गुंडाळून ओट्यावर बसलेली पोरगी. आठच दिवसांपूर्वी पलीकडच्या आळीतली एक बाई अशीच डोक्याला फडकं बांधून बसली होती. तिला सर्दी होती असं म्हणतात. ते घर आता बिनकौलांचं उभं होतं.

"ऊठ," एमा म्हणाली. "ऊठ, ऊठ, डोकं धुऊन टाक."

"आत्ताच तर लावलंस."

एमानं तिला दंडाला धरून मोरीकडे ओढलं. फडकं सोडलं. हंड्यातलं पाणी तांब्यानं उचललं आणि जुलिया नीट बसायच्या आतच तिच्या डोक्यावर ओतलं. समोरून, कपाळावरून. लगद्यासकट पाणी भळभळा तोंडावर आलं. एक तांब्या, लगेच दुसरा.

जुलिया किंचाळली.

एमानं तिच्या तोंडावर तळवा दाबला. रस्त्यावरून बुटांचा आवाज येत होता. जुलियाचं सगळं अंग तिच्या हाताखाली थरथरत होतं, दोन्ही मुठी डोळ्यांत खुपसलेल्या होत्या, आणि एमा तिच्या कानाशी पुन्हा पुन्हा सांगत होती, "गप, माझी बाय, गप, गप." मग तिनं पोरीला तशीच ओलीचिंब शिडीवरून माळ्यावर चढवली, गवताच्या पेंढ्यांमागे बसवली आणि शिडी काढून भिंतीला आडवी टाकली.

ते आले तेव्हा एमा मोरी धूत होती. गोरा साहेब दारातच थांबला. आत आला तो एक मराठी बोलणारा तरुण, पांढऱ्या कोटातला. त्यानं खोली पाहिली, खाट उलटून पाहिली, कणगीचं झाकण उघडून पाहिलं.

"वास कसला येतोय?"

"औषध हाय. उवांचं."

"कुणाला लावलंत?"

"मला."

त्यानं तिच्या कोरड्या केसांकडे पाहिलं.

"घरात कोण कोण असतं?"

"मी नि नवरा. तो मिठागरावर हाय."

"मूलबाळ?"

"पोरगी हाय एक. मामाकडं गेलीय, उत्तनला. लग्न हाय तिचं."

माळ्यावर काहीच हललं नाही. त्या तरुणानं साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. दोघं लगेच गेले नाहीत. बरोबरच्या शिपायांनी अंगणात चुना टाकला, विहिरीत लाल औषध सोडलं, शेजारच्या घरांत जाऊन आले आणि मग एमाच्याच ओट्यावर टेकून पाणी प्यायले. एमानं त्यांना गूळ दिला. त्या सगळ्या वेळात तिला एकच गोष्ट कळत होती, की पोरगी वर आहे आणि तिच्या डोळ्यांतून ते अजून धुतलं गेलेलं नाही.

ते पाखाडीबाहेर पडले तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. एमानं शिडी लावली. जुलियानं लुगड्याच्या पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. तो काढायला एमाला तिचे दात सोडवावे लागले. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की डोळे कुठे आहेत तेच दिसत नव्हतं.

घडेच्या घडे पाणी घातलं. गुलाबपाणी घातलं. बिट्रिसनं आपलं दूध वाटीत काढून दिलं, ते कापसानं डोळ्यांत पिळलं. रात्री लिनो आला. त्यानं शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून पोरीकडे पाहिलं आणि खाली येऊन बराच वेळ पाय धूत राहिला.

"इस्पितळात नेऊ या," तो शेवटी म्हणाला.

"कशी नेणार? डोळे असे. अंगात ताप भरलाय. बघितल्याबरोबर काय म्हणतील?"

"खरं काय ते सांगू."

"मी खोटं सांगून बसलेय. पोरगी उत्तनला हाय म्हणून. आता घरातनं निघाली तर लपवून ठेवली होती म्हणतील. तिला नेतील, लिनो. आपल्याला वेगळं ठेवतील नि तिला नेतील."

औषध डोळ्यांत उतरलं एवढं तिनं लिनोला सांगितलं होतं. कसं उतरलं ते त्यानं विचारलं नाही. उवांचं औषध डोळ्यांत उतरू शकतं, हे पाखाडीत कुणालाही पटण्यासारखं होतं.

उद्या उतरेल, परवा उतरेल, असं म्हणत एमा वाट बघत राहिली. दिवसा जुलिया माळ्यावर पेंढ्यांमागे पडून असे. उजेड सहन होत नव्हता, म्हणून कौलाच्या फटींतही चिंध्या कोंबल्या होत्या. सूज कमी झाली, पण पाणी थांबेना, मग पू यायला लागला. एमा तिच्या उशाशी बसून पापण्या भिजवून सोडवायची. हाताला लगद्याचा वास येतो का ते आधी हुंगून बघायची, आणि तो येतोच आहे असं तिला वाटायचं. पुन्हा राख लावून हात घासायची. पोरीचा हात हातात घेऊन ती माळ जपायची, पण प्रार्थनेचे शब्द मध्येच तुटायचे आणि तिला पुन्हा सुरुवातीपासून म्हणावं लागायचं.

"माय," एकदा जुलिया म्हणाली, "वालू आला तर सांग मला. मी खाली येईन. फडकं बांधून येईन."

लग्नाचा दिवस पुढे ढकलला. माजिवड्याला निरोप गेला की साथीच्या दिवसांत मांडव नको. तिकडून हरकत आली नाही. उलट बरंच वाटलं असावं.

कल्याणच्या हरिहर वैद्यांना डोळ्यांचं चांगलं कळतं, असं लिनोला मिठागरावर कुणीतरी सांगितलं. पण स्टेशनांवर प्रत्येक उतारूची तपासणी होत होती. शेवटी काळुराम नाखवा आपल्या होडीतून न्यायला कबूल झाला. भरतीबरोबर पहाटेच निघाले. एमानं जुलियाला घोंगडीत गुंडाळून होडीच्या तळाशी निजवलं होतं. खाडीवरचा वारा गार होता. कोलशेत मागे पडल्यावर काळुरामनं वल्हं थांबवून मागे न बघता सांगितलं, "बसव पोरीला आता. कोण नाय इथं."

जुलिया उठून बसली. तिनं तोंड वाऱ्याकडे केलं. एमा तिच्याकडे बघत होती. बगळ्यांचा एक थवा अगदी होडीजवळून, पाण्याला लागून गेला. जुलियाचं तोंड त्यांच्याकडे वळलं नाही.

वैद्यबुवांचं घर कल्याणच्या तळ्यामागे होतं. म्हातारे, किडकिडीत, बोलायला सौम्य. त्यांनी जुलियाला दारातल्या उजेडात बसवलं, दोन बोटांनी पापण्या उघडल्या आणि खूप वेळ पाहिलं. मग विचारलं, "किती दिवस झाले?"

लिनोनं एमाकडे पाहिलं.

"तीन आठवडे झाले असतील," एमा म्हणाली.

"अहो, मग..." वैद्यबुवा म्हणाले आणि थांबले. जुलियाच्या पापण्या त्यांनी हलकेच मिटल्या. "फूल पडलंय. दोन्ही डोळ्यांत. बुबुळावर जखम झाली होती, ती भरताना पांढरं झालं सगळं."

"औषध द्या काहीतरी. लागेल ते करू."

"ठणका कमी व्हायला देतो. थंड वाटेल तिला."

"नि फूल? ते जाईल ना?"

वैद्यबुवा ओले हात पंच्याला पुसत राहिले. हात कोरडे झाले तरी पुसत होते.

"उजेड आहे की अंधार आहे, एवढं कळत राहील तिला," ते म्हणाले. "मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा हवं तर. मी नको म्हणणार नाही. पण आशा लावून नेऊ नका."

परतताना जुलिया होडीच्या काठावर हात ठेवून बसली होती. बोटं पाण्यात बुडत होती. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "माय, तो वैद्य काय म्हणाला ते पापाला कळलं का?"

"कळलं."

"मग तो रडत का नाय?"

लिनो होडीच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसला होता.

साथ उन्हाळ्याबरोबर ओसरली. तपासणीवाले यायचे थांबले, झोपड्या मोडल्या. मग मुंबईच्या डॉक्टरांनाही दाखवून झालं. त्यांनी वेगळं काही सांगितलं नाही. इस्टर होऊन गेल्यावर एके दिवशी व्हॅलेरियन आला. ओट्यावर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवून. जुलिया आतून भिंत चाचपत आली आणि उंबऱ्यावर बसली. डोळे मिटून बसली होती. ते उघडायचे नाहीत असं तिनं ठरवलेलं दिसत होतं.

"तुझ्या नव्या घराचं छप्पर झालं का?" तिनं विचारलं.

"झालं."

"गवत की कौलं?"

"कौलं घातली."

"बरं केलंस. गवतात इंगळ्या होतात."

व्हॅलेरियननं हात पुढे केला, तिच्या हाताच्या जवळ फळीवर ठेवला, आणि तसाच राहू दिला. तिला तो दिसला नाही. थोड्या वेळानं त्यानं तो उचलून घेतला.

तो निघाला तेव्हा एमा त्याच्यामागे विहिरीपर्यंत गेली. "वालू," ती म्हणाली, "तिला घरातलं सगळं येतं रे. चार महिन्यांत चाचपून चाचपून तुझं घरपण शिकेल. मी येऊन राहीन पाहिजे तर."

"मावशी," तो म्हणाला. "मी काय करू ते मला कळत नाय. माय ऐकत नाय माझी." तो आणखी काही बोलेल म्हणून ती उभी राहिली. तो खाली मान घालून गेला. पावसाळ्यात त्याचं लग्न झाल्याचं कळलं, भाईंदरच्या कुणा मुलीशी. जुलियाला ते बिट्रिसच्या तोंडून कळलं. "कौलं घातली ते बरं झालं," एवढंच ती म्हणाली.

एमानं घरातली सगळी औषधं काढून टाकली. तेलाच्या बाटल्या कुंपणाबाहेर ओतल्या, पाला जाळला, उरलेल्या बिया खाडीत टाकल्या. कुणी दारी आलं तर "आता करत नाय" म्हणून दाराआड व्हायची. आधी बायकांनाच अवघड वाटत होतं, त्या आपणहून यायच्या थांबल्या. पण उवांना काय त्याचं? पावसाळा आला, घरं दमट झाली, पोरं एकमेकांच्या अंगावर निजली, आणि बायका परत एमाच्या कुंपणापाशी घुटमळायला लागल्या. ती उठून आत जायची.

तिच्या स्वतःच्या घरातही खाटेत ढेकूण झाले. तांदळात किडे झाले. लिनो गुपचूप निवडून खायचा. आणि जुलियाच्या डोक्यात पुन्हा उवा झाल्या. एमा तिला उजेडात बसवून फणीनं नि नखांनी एकेक काढायची. संध्याकाळपर्यंत काढल्या तरी सकाळी पुन्हा असायच्याच.

"औषध लाव ना गो," जुलिया म्हणायची.

"नाय."

"डोकं खाजून रात्रभर झोप नाय मला."

"मी काढते ना. बस."

मिटल्या पापण्यांच्या त्या चेहऱ्याकडे बघत ती काढत राहायची. कधीकधी तिला वाटायचं, हिला त्या दिवसाचं काय आठवत असेल? सगळं इतकं घाईत झालं होतं. पाणी कुठून आलं, कुणी कसं ओतलं, किंचाळणाऱ्या पोरीला ते कळलं तरी असेल का? तिनं कधी विचारलं नाही. जुलिया कधी बोलली नाही. इगर्जीत पाद्रीबाबापुढे गुडघे टेकतानाही एमाच्या तोंडातून ते निघालं नाही. आपण तपासणीवाल्यांशी खोटं बोललो, एवढंच तिनं सांगितलं.

सीताफळं बाजारात आली तशी जुलिया रोज मागायला लागली. लिनोला आनंद झाला. पोरगी आपणहून काही मागते आहे म्हणून तो येताना पाटीभर घेऊन यायचा. ती सावकाश खायची, बिया फडक्यात बांधून ठेवायची. एमाला वाटलं, कोंबड्यांना टाकत असेल.

एके दिवशी एमा बाजारातून लवकर परतली. मासळी आलीच नव्हती. कुंपणापाशी आल्यावर तिला घरातून बोलणं ऐकू आलं. आवाज बिट्रिसचा होता.

"तुझी माय ओरडेल माझ्यावर."

"मायला नाय कळणार," जुलिया म्हणाली. "ही घे पुडी. खोबरेलात कालव, पातळ करू नको. डोक्याला जखम असेल तिथं लावायचं नाय."

"कितीक वेळ ठेवू?"

"दुपारभर. नि बिट्रिसमावशी, धुताना पोरीला उताणी निजव. मान मागं टाकून, पाणी मागच्या बाजूला जाईल असं. समोरून घालायचं नाय, काही झालं तरी. दारात कोण आलं, कोण हाक मारायला लागलं, तरी घाई करायची नाय. घाईत माणूस समोरून ओततं."

बिट्रिस हळू आवाजात म्हणाली, "तुला कसं ठाऊक गो?"

जुलियानं काही उत्तर दिलं असलं तर ते एमाला ऐकू आलं नाही.

बिट्रिस बाहेर आली. कुंपणापाशी एमाला बघून ती थबकली, हातातली पुडी तिनं पदराखाली नेली. दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. मग बिट्रिस खाली बघून निघून गेली.

एमाला आत जायला बराच वेळ लागला. जुलिया मागच्या पडवीत पाट्याशी बसली होती. मांडीजवळ सोललेल्या बियांचा ढीग होता. वरवंटा फिरवताना तिचं तोंड वर, कुठेतरी वळचणीकडे होतं. पाट्यावरून बारीक पूड उठून तिच्या कपाळावर, पापण्यांवर, उघड्या पांढऱ्या डोळ्यांवर बसत होती.

पायांची चाहूल लागताच वरवंटा थांबला.

"माय?"

"हं."

"आलीस पण?"

"मासळी नव्हती." एमा पुढे आली. "हे काय करतेस तू? तोंडावर उडतंय सगळं."

"उडू दे. माझ्या डोळ्यांना आता काय व्हायचंय?" जुलिया अगदी साधेपणानं म्हणाली, मीठ कमी आहे म्हणावं तसं. "पाखाडीत मीच काय ती एक हाय जिनं हे वाटावं. बाकी सगळ्यांना भ्यायला काहीतरी हाय."

एमानं उभ्या उभ्याच खांबाला हात टेकला. मग ती खाली बसली, पाट्याच्या पलीकडे, पोरीच्या समोर. न सोललेल्या बियांचं फडकं ओढून तिनं पुढ्यात घेतलं.

"बसायचं तर लांब बस," जुलिया म्हणाली. "नायतर डोळ्यांवर पदर बांध. बिया काय हातांनाच कळतात, बघायला लागत नाय."

"हो."

"बांधलास?"

एमानं एक बी उचलली, दगडानं फोडली, टरफल बाजूला टाकलं.

"बांधलाय," ती म्हणाली.

जुलियानं मान हलवली आणि वरवंटा पुढे सरकवला. पाट्यावरून पूड उठली. एमा तिच्याकडे तोंड करून बसून होती, डोळे उघडे ठेवून.